धर्मग्रंथांतील लहान गावे

यरुशलेम, बेथलेहेम, नासरेथ ही नावे आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असतात. ज्यांनी ज्यू लोकांचा अथवा ख्रिस्ती लोकांचा धर्मग्रंथ कधी उघडून पाहिला नाही, त्यांनाही ती सर्वस्वी अपरिचित नसतात. परंतु हे ग्रंथ चाळू लागले की ध्यानात येते, की त्यांत अशा तीनचार नगरांचीच नव्हे, तर शेकडो लहानमोठ्या स्थळांची नावे आहेत. कोठे एखादी विहीर, कोठे एखादा घाणा, कोठे मेंढपाळांची वस्ती, तर कोठे सीमेवरचे एखादे खेडे. त्यांपैकी कित्येकांचा उल्लेख साऱ्या ग्रंथात एकदाच येतो, आणि तोही यादीत. अशा काही स्थळांचा परिचय आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या घरच्या मंडळींस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बोरगावसारख्या गावी राहून दूरदेशीच्या या खेड्यांची चौकशी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की मोठ्या नगरांचा इतिहास राजे लिहवून घेतात. लहान गावांचा इतिहास बहुधा त्यांच्या नावांतच उरलेला असतो. तो कसा वाचावा हे एकदा कळले, म्हणजे दूरच्या गावांबरोबर आपलेही गाव वाचता येऊ लागते.

हे ग्रंथ कोणते?

ज्यू लोकांच्या पवित्र ग्रंथास ‘तनाख’ म्हणतात. तो मुख्यतः हिब्रू भाषेत असून त्याचा काही थोडा भाग अरामी भाषेत आहे. त्यांच्या गणनेप्रमाणे त्यात २४ पुस्तके आहेत. हाच ग्रंथ ख्रिस्ती लोक ‘जुना करार’ या नावाने आपला मानतात, आणि त्यास ग्रीक भाषेतील २७ पुस्तकांचा ‘नवा करार’ जोडतात. आपल्या भाषेत हे ग्रंथ आणण्याची खटपट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून चालली. पंडिता रमाबाई यांनी तर हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगाव येथे या कामासच वाहिली होती. अशा भाषांतरकारांच्या श्रमांमुळे यिर्मया, शलमोन, दावीद ही नावे मराठी उच्चारांत आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. या लेखातही आम्ही बहुतेक नावे मराठी बायबलाच्या वळणानेच दिली आहेत.

झाडांची, पाण्याची आणि घाण्यांची नावे

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात नावे कशी पडली आहेत ते पाहा. बोरगावात बोर आहे, मोहगावात मोह आहे, पिपळा या नावात पिंपळ ऐकू येतो. वडगाव, चिंचोली, उंबरगाव, जांभुळवाडी अशी गावे तर मराठी मुलखात जागोजाग सापडतात. ज्याने प्रथम तेथे वस्ती केली त्यास जे झाड नजरेस पडले, तेच गावाचे नाव झाले. यात कोणाही राजाचा हुकूम नव्हता.

नेमके हेच हिब्रू ग्रंथांतील गावांच्या बाबतीत दिसते. ‘रिम्मोन’ म्हणजे डाळिंब. या नावाची वस्ती यहूदाच्या दक्षिण भागात होती. ‘तप्पूह’ या शब्दाचा अर्थ सफरचंद असा करतात. यरुशलेमजवळच्या ‘बेथफगे’ या खेड्याच्या नावाचा अर्थ कच्च्या अंजिरांचे घर असा सांगतात. ‘शिट्टीम’ हे यार्देन नदीच्या पूर्वेकडील एक मुक्कामाचे ठिकाण. त्याचा अर्थ बाभळीच्या जातीची झाडे. म्हणजे मराठीत आणावयाचे झाले तर डाळिंबगाव, सफरचंदवाडी, अंजीरवाडी आणि बाभुळगाव! इतके केल्याबरोबर परकेपणाचा पडदा किती सहज गळून पडतो, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

झाडांनंतर पाणी. तो देश आपल्या देशासारखाच पावसाच्या तोंडाकडे पाहणारा. त्यामुळे ‘एन’ म्हणजे झरा आणि ‘बैर’ म्हणजे विहीर हे शब्द तेथील नावांत पुनःपुन्हा येतात. मृत समुद्राच्या पश्चिम तीरावरील ‘एन-गेदी’ म्हणजे करडाचा झरा. ‘बैर-शेबा’ या नावात विहीर आहे, आणि ‘शेबा’ या शब्दात ‘सात’ व ‘शपथ’ हे दोन्ही अर्थ दडलेले आहेत. त्या विहिरीच्या हक्कावरून अब्राहामाचा तंटा झाला, त्याने सात मेंढ्या देऊन शपथेने तो मिटविला, अशी कथा उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. पाण्यावरून होणारे तंटे आणि चारचौघांसमक्ष होणारा त्यांचा निवाडा आपल्या खेड्यांस नवा नाही.

तिसरा वर्ग कामधंद्यावरून पडलेल्या नावांचा. ‘गेथशेमाने’ हे नाव ख्रिस्ती वाचकांस अत्यंत पूज्य आहे; कारण येशूस पकडले त्या रात्री त्याने याच ठिकाणी प्रार्थना केली. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ विचाराल तर तो केवळ ‘तेलाचा घाणा’ असा आहे. जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी जैतुनाची फळे पिळून तेल काढण्याची ती जागा होती. ‘बेथलेहेम’ म्हणजे भाकरीचे घर. आणि ‘किर्याथ-सेफर’ नावाचे एक नगर यहोशवाच्या पुस्तकात येते. त्याच्या नावाचा सरळ अर्थ ‘पुस्तकाचे नगर’ असा होतो. शाळेच्या अंकात त्याचा उल्लेख न करणे अन्यायाचेच झाले असते.

नुसत्या साम्यापासून सावध

येथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटास, दावीदाने लुटीतील वाटा ज्या गावांस पाठविला त्यांची यादी आहे. तीत ‘बोर-आशान’ असे एक गाव येते. काही प्रतींत ‘कोर-आशान’ असाही पाठ आहे. परंतु पहिला पाठ वाचताना बोरगावच्या वाचकाने क्षणभर चमकावे यात नवल नाही. आपला बोर तेथे कसा पोहोचला?

तो पोहोचलेला नाही. हिब्रूतील ‘बोर’ या शब्दाचा अर्थ पाण्याचे टाके अथवा खड्डा असा आहे, आणि ‘आशान’ म्हणजे धूर. मराठीतील ‘बोर’ हा संस्कृत ‘बदर’ शब्दापासून आलेला. दोन्ही शब्द कानास एक, पण त्यांचे कूळ निराळे, अर्थ निराळा. दोन माणसांची नावे सारखी असली म्हणून ती भावंडे ठरत नाहीत. हा साधा नियम ध्यानात ठेवावा. पुढे एका मोठ्या प्रश्नात त्याचा उपयोग होणार आहे.

हरवलेली गावे कशी सापडली?

ग्रंथात नावे राहिली, पण युद्धे, राज्यांची उलथापालथ आणि भाषांचे बदल यांमुळे त्यांपैकी कित्येक गावे कोठे होती याचा विसर पडला. त्यांचा शोध घेण्याचा पहिला मोठा पद्धतशीर प्रयत्न चौथ्या शतकात कैसरिया येथील धर्माध्यक्ष युसेबियस याने केला. त्याने ग्रंथांतील स्थळांचा एक कोशच रचला, आणि अमुक गाव अमुक नगरापासून किती मैलांवर आहे, हे त्यात जागोजाग नोंदविले. पुढे जेरोम या पंडिताने तो लॅटिन भाषेत आणला.

अर्वाचीन काळात या शोधास खरी गती आली ती १८३८ साली. त्या वर्षी एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन विद्वान, अरबी उत्तम जाणणाऱ्या एली स्मिथ या सोबत्यास घेऊन, त्या देशात हिंडला. त्याची पद्धत साधी होती. मठांतील परंपरेने जी ठिकाणे यात्रेकरूंस दाखविली जात, त्यांवर सर्वस्वी न विसंबता त्याने शेतकऱ्यांस आणि मेंढपाळांस विचारले, की या टेकडीस तुम्ही काय म्हणता, त्या पडक्या वस्तीचे नाव काय. आणि आश्चर्य असे, की हिब्रू बोलणे त्या खेड्यांतून कधीच लोपले असता, अरबी बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या जिभेवर जुनी नावे थोड्या फरकाने जिवंत होती. ‘अनाता’ या खेड्यात अनाथोथ ऐकू आला. ‘सेलून’मध्ये शिलो, ‘मुखमास’मध्ये मिखमाश, ‘बेतीन’मध्ये बेथेल आणि ‘अल-जीब’मध्ये गिबोन. विद्वानांच्या पोथ्यांतून जे निसटले होते, ते निरक्षर मेंढपाळांनी सांभाळून ठेवले होते.

मात्र नावाचे साम्य हा केवळ पहिला धागा होय, पुरावा नव्हे, हे आम्ही वर म्हटलेच आहे. तो धागा पक्का कसा होतो, याचे गिबोन हे उत्तम उदाहरण. या नगराच्या तळ्यापाशी दावीदाच्या आणि शौलाच्या पक्षांचे लोक समोरासमोर आले, असे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात सांगितले आहे. जेम्स प्रिचर्ड या संशोधकाने १९५६ सालापासून काही वर्षे अल-जीब येथे खोदकाम केले. तेव्हा खडकात कोरलेली एक प्रचंड वाटोळी विहीर उघडी झाली. तिचा व्यास सुमारे ११ मीटर असून भिंतीलगत वळत जाणाऱ्या ७९ पायऱ्यांनी खाली सुमारे २५ मीटरवर पाण्यापर्यंत उतरता येई. आपल्याकडील पायऱ्यांची बारव ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हे दृश्य सहज उभे राहील. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की तेथे मडक्यांच्या अनेक मुठी सापडल्या आणि त्यांवर जुन्या हिब्रू लिपीत ‘गिबोन’ हेच नाव कोरलेले होते. शेतकऱ्याने नाव सांगितले, ग्रंथाने वर्णन दिले आणि जमिनीने साक्ष दिली. हे तिन्ही जुळल्यावर संशयास जागा फारशी उरली नाही.

लहान गावे, मोठी माणसे

आता अशा दोन गावांकडे वळू, जी लहान असूनही थोर पुरुषांमुळे ग्रंथात राहिली.

यरुशलेमच्या ईशान्येस, पायी तासाभराच्या अंतरावर, अनाथोथ हे गाव होते. यिर्मया नावाचा संदेष्टा येथला. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमास वेढा दिला. शहर पडणार हे यिर्मया उघड सांगत होता, आणि त्यापायी तो राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत पडला होता. चिखलाने भरलेल्या एका टाक्यातही त्यास एकदा सोडण्यात आले होते. तेथे मूळ हिब्रूत ‘बोर’ हाच शब्द आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ त्याच्याकडे आला आणि म्हणाला, की अनाथोथातील माझे शेत तू विकत घे. ज्या जमिनीवर शत्रूची छावणी पसरली होती, ती जमीन कोण घेईल? यिर्मयाने ती घेतली. १७ शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, खरेदीखताची एक प्रत मोहोरबंद व एक उघडी अशा दोन प्रती केल्या, आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात घालून ठेवविल्या. या देशात लोक पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे खरेदी करतील, असा त्या व्यवहाराचा अर्थ त्याने सांगितला.

सातबारा आणि खरेदीखत यांचे महत्त्व ज्या घरांत लहानपणापासून ऐकू येते, त्यांना या प्रसंगाचे मोल अधिक कळेल. सर्वनाश डोळ्यांपुढे असता गावच्या शेताचा कागद करून ठेवणे, यासारखी आशेची दुसरी खूण आम्हांस तरी सुचत नाही. अनाथोथ हे गाव या एका कागदामुळे स्मरणीय झाले आहे.

दुसरे गाव तकोवा. ते यरुशलेमच्या दक्षिणेस सुमारे दहा मैलांवर, माळरानाच्या काठाशी होते. इ. स. पूर्व आठव्या शतकातील आमोस हा संदेष्टा तेथील. तो स्वतःविषयी सांगतो, की आपण संदेष्ट्याचे पुत्र नव्हे. गुरे राखणारे आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारे आहोत. ते झाड आपल्या उंबराचे सख्खे भावंड म्हणावे असेच असून, त्याची फळे नीट पिकावीत म्हणून त्यांस चिरा पाडाव्या लागत. असा हा गुराखी उत्तरेकडील राज्यात, बेथेलच्या राजमान्य देवस्थानी जाऊन उभा राहिला आणि गरिबांस जोडाजोडाच्या मोलाने विकणाऱ्या, खोटी मापे वापरणाऱ्या श्रीमंतांस त्याने तोंडावर फटकारले. तेथील पुजाऱ्याने त्यास आपल्या देशी चालते होण्यास सांगितले. त्या पुजाऱ्याचे नाव आज आमोसाच्या पुस्तकामुळेच लोकांस ठाऊक आहे.

ओफीर म्हणजे आपले सोपारे काय?

आता ज्या प्रश्नाची वाट जिज्ञासू वाचक पाहत असतील, त्याकडे येऊ. या ग्रंथांत आपल्या महाराष्ट्राचा उल्लेख आहे काय?

राजांच्या पहिल्या पुस्तकात असे आहे, की शलमोन राजाने तांबड्या समुद्राच्या काठी एसयोन-गेबेर येथे जहाजे बांधविली. सोर येथील हीराम राजाने दर्याची माहिती असलेले खलाशी दिले. आणि ती जहाजे ‘ओफीर’ येथे जाऊन ४२० किक्कार सोने घेऊन आली. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात हाच आकडा ४५० आहे. जहाजांवरून मोलवान लाकूड व रत्ने आली असेही सांगितले आहे. आणि दर तीन वर्षांनी येणाऱ्या एका ताफ्यावर सोने, रुपे, हस्तिदंत, वानर व मोर असत असे लिहिले आहे.

हस्तिदंत, वानर आणि मोर म्हटल्याबरोबर हिंदुस्थानची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. त्यात भर अशी, की या ग्रंथाचे जे प्राचीन ग्रीक भाषांतर झाले, त्यात ओफीरचे नाव ‘सोफीर’ असे आढळते. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस यानेही हे स्थळ हिंदुस्थानाकडचे मानले. वानरासाठी असलेला हिब्रू ‘कोफ’ हा शब्द संस्कृत ‘कपी’शी, आणि मोरासाठी मानला जाणारा शब्द तमिळ भाषेतील मोराच्या पिसाऱ्याच्या नावाशी जुळतो, असे काही पंडितांनी दाखविले. ठाण्याच्या उत्तरेस वसईजवळ सोपारे आहे. त्याचे प्राचीन नाव शूर्पारक. ग्रीक खलाशांच्या पुस्तकांत ते ‘सुप्पारा’ म्हणून येते. मग सोफीर म्हणजेच सोपारे, असे काही विद्वानांनी सुचविले आणि आपल्याकडे ते पुष्कळांस आवडले.

सोपाऱ्याची थोरवी खरोखरच मोठी आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरूड राजाच्या कोटात बौद्ध स्तूप खणून काढला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. पश्चिम किनाऱ्यावरील हे एक जुने व संपन्न बंदर होते, यात शंका नाही.

परंतु ते ओफीर होते काय? येथे अभिमान क्षणभर बाजूस ठेवून पुरावा पाहिला पाहिजे. पहिली गोष्ट, शलमोनाचा काळ इ. स. पूर्व दहावे शतक. सोपाऱ्याचा ठळक पुरावा अशोकाच्या, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासूनचा. मध्ये सुमारे सातशे वर्षांची पोकळी आहे. दुसरी गोष्ट, नावातील ‘स’ ग्रीक भाषांतरात आहे; मूळ हिब्रूत तो नाही. तिसरी गोष्ट, कोकणात सोन्याच्या खाणी नाहीत. अरबस्तानात मात्र प्राचीन काळी सोने निघत असे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातील वंशावळीत ओफीरचे नाव शबा व हवीला यांच्या मधोमध येते, आणि ही नावे अरबस्तानाकडील मानली जातात. वानर व मोर आणणाऱ्या ताफ्याचा उल्लेखही ओफीरच्या वृत्तांतापासून वेगळा आहे.

ओफीर ही केवळ कविकल्पना नव्हती, एवढे मात्र सिद्ध झाले आहे. आजच्या तेल अवीव शहरातील तेल कसिले या टेकाडावर १९४६ साली खापराचा एक लहानसा तुकडा मिळाला. इ. स. पूर्व आठव्या शतकातील त्या लेखात ओफीरचे सोने, बेथ-होरोन आणि तीस शेकेल, एवढाच हिशेबी मजकूर आहे. सोने होते, त्याचा व्यापार होता. बंदर कोठे होते, हे खापर सांगत नाही. आजचे बहुतेक अभ्यासक ते दक्षिण अरबस्तानात किंवा तांबड्या समुद्राच्या पलीकडील आफ्रिकेच्या किनाऱ्यावर शोधतात.

आम्हांस वाटते, की सोपाऱ्याची प्रतिष्ठा यामुळे तिळभरही उणी होत नाही. ज्या गावाजवळ अशोकाचे शब्द दगडावर कोरलेले आहेत, त्यास उसन्या सोन्याची गरज काय? खरी थोरवी असताना संशयास्पद थोरवी मिरविली, म्हणजे ऐकणाऱ्याचा खऱ्या थोरवीवरचाही विश्वास उडतो. बोरगाव आणि बोर-आशान यांच्या बाबतीत जो नियम आपण हसत मान्य केला, तो सोपारे आणि ओफीर यांच्या बाबतीतही मान्य करावा, हाच न्याय.

ज्याविषयी शंका नाही असा उल्लेख

आपल्या देशाचा निःसंशय उल्लेख पाहावयाचा असेल तर एस्तेरच्या पुस्तकाचे पहिलेच वाक्य काढावे. तेथे इराणी सम्राटाच्या १२७ प्रांतांची सीमा सांगताना एका टोकास ‘होदू’ आणि दुसऱ्या टोकास ‘कूश’ ही नावे दिली आहेत. कूश म्हणजे ईजिप्तच्या दक्षिणेकडील मुलूख आणि होदू म्हणजे सिंधूकाठचा प्रदेश. सिंधूचे इराणी भाषेत ‘हिंदू’ झाले, आणि त्याचेच हिब्रूत ‘होदू’ झाले. आजही हिब्रू भाषेत आपल्या देशास होदू हेच नाव आहे.

दुसरा उल्लेख सुगंधाच्या रूपाने येतो. यरुशलेमजवळ बेथानी नावाचे एक लहान खेडे होते. तेथे मरीया नावाच्या स्त्रीने येशूच्या पायांस अत्यंत महागडे सुगंधी तेल लावले व ते आपल्या केसांनी पुसले, असे योहानाच्या पुस्तकात आहे. ते तेल ‘नार्द’ या वनस्पतीचे होते. हे नार्द म्हणजे हिमालयात होणारी आपली जटामांसी, असे सामान्यतः मानतात. आणि तो शब्दही संस्कृत ‘नलद’ शब्दाशी जोडला जातो. हिमालयातील एका मुळीचा सुगंध अशा रीतीने पॅलेस्टाईनमधील एका खेड्याच्या घरात दरवळला.

मराठी आडनावे आणि दीमोना

परंतु या ग्रंथांचा आणि मराठी माणसाचा सर्वांत जवळचा संबंध बंदरांनी नव्हे, तर माणसांनी जोडला आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी सांगते, की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांतून पसरले व तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. गेथशेमाने या नावाचा अर्थ ज्यांस ठाऊक आहे, त्यांना या योगायोगाचे कौतुक वाटेल.

या लोकांनी मराठी भाषा आपली मानली आणि आडनावे घेतली ती आपापल्या गावांची. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर. अशी शंभराहून अधिक ग्रामनामे त्यांच्या आडनावांत आहेत. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले, ते एका दिवेकराच्या पुढाकाराने. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम शमुवेल हे किहीमकर. त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचा पाठ मराठी अर्थासह एकोणिसाव्या शतकातच मुंबईत व पुण्यात छापला गेला होता. प्रार्थनेत यरुशलेम आणि सहीत पेण, असा हा मनोज्ञ संयोग होय.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर या समाजातील पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. आरंभीचे दिवस सुखाचे नव्हते. तुम्ही खरोखर ज्यू आहात काय, अशी शंका तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी घेतली, आणि विवाहाच्या वेळी त्यांस अडविले जाऊ लागले. त्यांनी नेटाने दाद मागितली. अखेर १९६४ साली तेथील संसदेने ते सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर केले.

यांपैकी अनेक कुटुंबे कोठे स्थायिक झाली, हे पाहिले म्हणजे आमच्या विषयाचे वर्तुळ पुरे होते. यहोशवाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यहूदा वंशाच्या वाट्यास आलेल्या गावांची लांबलचक यादी आहे. तीत अगदी दक्षिणेकडील, अदोमाच्या सीमेजवळच्या गावांत ‘दीमोना’ हे नाव आहे. साऱ्या ग्रंथात ते त्या नावाने एवढ्याच ठिकाणी येते. तेथे काय घडले, कोण राहत होते, एक अक्षर नाही. १९५५ साली नेगेव वाळवंटात नवे शहर वसविले, तेव्हा त्या यादीतील हे नाव काढून त्यास देण्यात आले. आज दीमोना येथे भारतातून गेलेल्या ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि तेथील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी मराठी आहे. बैर-शेबा, अश्दोद, लोद याही जुन्या नावांच्या शहरांत मराठी कुटुंबे आहेत. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी त्या देशात चालविले. सीमेवरचे एक अज्ञात गाव तीन हजार वर्षांच्या आसपास केवळ यादीत पडून राहिले, आणि पुन्हा जागे झाले तेव्हा तेथे मराठी ऐकू येऊ लागली!

आपल्या गावाची यादी

आपणही सीमेवरचेच आहोत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मध्य प्रदेशातून निघाला, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. बोरगावच्या पत्त्यातील जिल्ह्याचे नाव पालटले. राज्ये आणि जिल्हे अशी बदलत राहतात. गावाचे, शिवाराचे, विहिरीचे नाव मात्र लोकांच्या जिभेवर राहिले तरच राहते.

रॉबिन्सनला अनाथोथ सापडले, कारण अनाताचा शेतकरी ते नाव उच्चारीत होता. त्याने उच्चारणे सोडले असते, तर ग्रंथ असूनही गाव हरवले असते. आपल्याकडे प्रत्येक गावच्या शिवारास, नाल्यास, पाणवठ्यास, बांधावरच्या जुन्या झाडास नावे असतात. त्यांपैकी थोडी सरकारी दप्तरात असतात. बाकीची केवळ आजोबा-आजींस ठाऊक. नव्या पिढीस शेतापेक्षा कारखान्याची व शहराची वाट अधिक जवळची झाली आहे, आणि त्यात दोषही नाही. परंतु आजीबरोबर तिला ठाऊक असलेली नावे गेली, तर ती कोणत्याही खोदकामात सापडणार नाहीत.

म्हणून आमची विद्यार्थिमित्रांस विनंती आहे, की येत्या सुट्टीत प्रत्येकाने एक वही करावी. आपल्या गावातील शेतांची, विहिरींची, नाल्यांची, टेकड्यांची नावे वडीलधाऱ्यांस विचारून तीत लिहावीत. नाव कोणी सांगितले, त्याचा अर्थ ते काय सांगतात, ते ठिकाण गावापासून कोणत्या दिशेस व किती अंतरावर आहे, हेही युसेबियसप्रमाणे नोंदवावे. अर्थ ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी. ओढूनताणून अर्थ लावू नये, कारण बोर-आशानचा धडा आपण वाचला आहे. अशा दहा वह्या जमल्या तरी शाळेच्या ग्रंथालयात त्यांस मानाची जागा मिळावी असे आम्हांस वाटते. यिर्मयाने आपले खरेदीखत मडक्यात ठेवविले ते स्वतःसाठी नव्हते. पुढे कोणी तरी परत येईल आणि आपले शेत कोणते असे विचारील, त्याच्यासाठी होते. आपल्याही गावी असे विचारणारे उद्या येतील.